व्याधाचा व्यास आणि फोटॉनांचा वाद

रॉबर्ट हॅनबरी ब्राउन यांच्या शोधनिबंधांची यादी वर्षवार वाचत गेलं, की ही एकाच माणसाची यादी आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. १९५० मध्ये सिरिल हॅझर्ड यांच्यासोबत देवयानी दीर्घिकेकडून येणाऱ्या रेडिओ लहरींची नोंद. १९५२ मध्ये हंस आणि शर्मिष्ठा या तारकासमूहांतल्या दोन रेडिओ स्रोतांचे आकार. १९५६ च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये तीन पानांचा निबंध, विषय प्रकाशाच्या दोन शलाकांमधल्या फोटॉनांचा सहसंबंध. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, त्याच नियतकालिकात, व्याध ताऱ्याचा व्यास. १९७४ मध्ये एकदम ३२ ताऱ्यांचे व्यास. त्यानंतर चक्क गॅमा किरण. आजच्या एखाद्या विद्यापीठात ही यादी तीन-चार विभागांत वाटली गेली असती. पण ती सलग ठेवणारं एक उपकरण आहे : तीव्रता व्यतिकरणमापक, म्हणजे इंटेन्सिटी इंटरफेरोमीटर.

क्वांटम ऑप्टिक्सच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात 'हॅनबरी ब्राउन आणि ट्विस प्रयोग' असतोच. एक दिवा, अर्धपारदर्शक आरसा, त्याच्या दोन बाजूंना दोन प्रकाशशोधक, आणि दोघांचे संकेत जुळवणारी एक चौकट. विद्यार्थी ही आकृती परीक्षेपुरती काढतात आणि पुढे जातात. त्या आकृतीतला दिवा म्हणजे मुळात ताऱ्याऐवजी प्रयोगशाळेत आणून ठेवलेला पर्याय होता, हे सांगायचं बहुतेक वेळा राहूनच जातं. एक आख्खी ज्ञानशाखा आकाश मोजण्याच्या गरजेतून उभी राहिली, आणि पुढे तिला स्वतःचं माहेर आठवेनासं झालं. तो धागा पुन्हा हाती घ्यावा, एवढ्यासाठी हा मागोवा.

तारा केवढा दिसतो, हा प्रश्न तसा जुना. पंचांगाच्या भाषेत अंशाचे ६० भाग म्हणजे कला, कलेचे ६० भाग म्हणजे विकला. चंद्राचं बिंब ३० कलांच्या आसपास. सर्वांत मोठे दिसणारे तारे मात्र विकलेच्या विसाव्या भागाएवढे. बहुतेक तेजस्वी तारे विकलेच्या काही हजारांश भागांत मावणारे. दुर्बिणीतून ताऱ्याची जी तबकडी दिसते ती दुर्बिणीच्या मर्यादेची आणि वर हलणाऱ्या हवेची असते, ताऱ्याची नसते.

१८६८ मध्ये फ्रान्सच्या फिझो यांनी एक युक्ती सुचवली. ताऱ्याचा प्रकाश दोन लांबलांबच्या फटींतून घेऊन एकत्र आणायचा, म्हणजे काळे-उजळ पट्टे उमटतील. फटींमधलं अंतर वाढवत नेलं की एका टप्प्यावर पट्टे नाहीसे होतील, आणि त्या अंतरावरून ताऱ्याचा आकार कळेल. स्तेफाँ यांनी मार्सेयला १८७३-७४ मध्ये हे करून पाहिलं. पट्टे काही नाहीसे झाले नाहीत, म्हणजे तारे त्यांच्या दुर्बिणीच्या आवाक्यापेक्षा लहान होते. अखेर १९२० च्या डिसेंबरात मायकेलसन आणि पीझ यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटी पोलादी तुळई बसवली, तिच्या टोकांना आरसे लावले, आणि मृगातल्या काक्षीचा व्यास मोजला : ०.०४७ विकला. मानवानं सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा मोजलेला हा पहिला व्यास.

यश मोठं होतं, पण वाट तिथंच अडली. पीझ यांनी पन्नास फुटी तुळई उभारली, ती फारशी वळणावर आली नाही. दोन्ही आरशांकडून येणारे प्रकाशाचे मार्ग तरंगलांबीच्या अंशाइतके जुळलेले हवेत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी चूक चालेल. तुळई वाकते, थंडीनं आकसते, आणि वरची हवा तर क्षणभरही स्थिर नसते. मोजून झाले ते मोजके राक्षसी लाल तारे. निळे, तप्त, आकारानं लहान दिसणारे तारे तसेच राहिले, आणि त्यापुढची जवळजवळ तीस वर्षं या कामात कोणी मोठी उडी घेतली नाही.

उडी आली ती रडारवाल्याकडून. हॅनबरी ब्राउन यांचा जन्म १९१६ चा, निलगिरीतल्या अरुवनकाडूचा. तिथं बंदुकीच्या दारूचा, कॉर्डाइटचा सरकारी कारखाना होता आणि वडील त्या कामावर होते. योगायोग असा की त्यांचे पुढचे जोडीदार रिचर्ड ट्विस हेही १९२० मध्ये सिमल्यात जन्मले. हॅनबरी ब्राउन शिकले अभियांत्रिकी. १९३६ मध्ये वॉटसन वॉट यांच्या रडार चमूत दाखल झाले आणि विमानात बसवायच्या रडारवर युद्धभर काम केलं. १९४९ मध्ये ते मँचेस्टरजवळच्या जॉड्रेल बँकला बर्नार्ड लव्हेल यांच्याकडे आले. शिक्षणाची ही बाजू लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे सगळं तिच्यावर फिरतं. कंपन, गोंगाट, बँडविड्थ, प्रवर्धक हे त्यांचे रोजचे शब्द होते. फोटॉन त्यांत नव्हता.

तेव्हा प्रश्न होता रेडिओ ताऱ्यांचा. हंस आणि शर्मिष्ठेत दोन प्रखर रेडिओ स्रोत सापडले होते, पण ते केवढे आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं. नेहमीच्या ताऱ्यांएवढे लहान असतील, तर त्यांना मोजायला दोन अँटेना हजारो किलोमीटरवर ठेवाव्या लागतील, आणि एवढ्या अंतरावरून दोन्हींकडच्या लहरी कलेसकट (म्हणजे 'फेज'सकट) एकत्र आणणं तेव्हाच्या यंत्रांना शक्य नव्हतं. हॅनबरी ब्राउन यांना असं सुचलं : दोन माणसं दूरदूर बसून, आपापल्या पडद्यावर त्याच स्रोताचा गोंगाट पाहत असतील, तर दोघांना दिसणारा चढउतार सारखाच असेल का? असेल, तर लहरी एकत्र आणायची गरजच नाही. नुसते चढउतार ताडून पाहायचे.

यामागचं भौतिकशास्त्र अवघड नाही. तप्त वस्तूतले असंख्य अणू आपापल्या मनानं प्रकाश सोडतात. त्यांची बेरीज क्षणाक्षणाला कधी वाढते, कधी घटते; जत्रेतला गलका दुरून ऐकताना मधेच उसळतो आणि मधेच ओसरतो, तसं. दोन कान जवळजवळ असतील तर दोघांना एकाच क्षणी तोच उसळा ऐकू येईल. कान दूर नेले, की जत्रेच्या एका टोकाचा आवाज एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो, आणि दोघांच्या चढउतारांचा मेळ सुटतो. किती अंतरावर मेळ सुटला, यावरून जत्रा केवढी पसरली आहे हे सांगता येतं. ताऱ्याचंही असंच. हे गणितात नीट बसवायला त्यांना गणिती हवा होता आणि तो ट्विस यांच्या रूपानं मिळाला.

रेडिओसाठीचं यंत्र प्रत्यक्ष बांधलं आणि चालवलं ते रॉजर जेनिसन आणि कलकत्त्याहून गेलेले मृणाल कुमार दासगुप्त यांनी. १९५२ मध्ये आकार हाती आले आणि सगळ्यांना धक्का बसला : हजारो किलोमीटर कुठले, मोजके किलोमीटरच पुरे होते. रेडिओ 'तारे' म्हणजे तारे नव्हतेच. पुढच्याच वर्षी जेनिसन आणि दासगुप्त यांनी दाखवलं की हंसातला स्रोत एक नसून एकमेकांपासून दूर पसरलेले दोन भाग आहेत. रेडिओ दीर्घिकांच्या दोन्ही बाजूंना फुगलेले प्रचंड पाळे आज प्रत्येक चित्रात दिसतात. ते पहिल्यांदा ओळखले गेले या कामात. भारतीय खगोलशास्त्राच्या इतिहासात दासगुप्तांचं नाव जितक्या ठळकपणे यायला हवं तितकं येत नाही, असं मला वाटतं.

एवढं मोठं यंत्र त्या कामाला लागतच नव्हतं, साधं चाललं असतं. पण त्यानं एक गोष्ट दाखवून दिली. आयनांबरामुळे दोन्ही अँटेनांवरचे संकेत वेडेवाकडे लुकलुकत असतानाही त्यांच्यातला सहसंबंध टिकून राहत होता. लहरींची कला बिघडली तरी तीव्रतेचे चढउतार तसेच पोचत होते. म्हणजे प्रकाशाच्या बाबतीतही हवेचं लुकलुकणं आड येणार नाही! मायकेलसन आणि पीझ ज्या भिंतीला धडकले, तिला वळसा घालायची वाट निघाली. शिवाय मार्ग तरंगलांबीच्या अंशाइतके जुळवायची गरज उरली नाही. विद्युत संकेत सेकंदाला सुमारे दहा कोटी वेळा बदलत असतील, तर मार्गात काही सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी चालेल. सुताराच्या पट्टीनंही मोजता येईल अशी ही अट.

अडचण निघाली ती भलतीकडेच. रेडिओ लहरींना कोणी कण म्हणत नव्हतं. प्रकाश मात्र फोटॉनांचा, एकेक करून येणाऱ्या पुंजांचा. फोटॉन दोन शोधकांपैकी एकावरच पडणार. मग पहिल्यावर पडलेल्या फोटॉनाला दुसऱ्यावर पडलेल्याची खबर कशी लागणार? डिरॅक यांच्या पुस्तकाचा दाखला दिला जाई की फोटॉन स्वतःशीच व्यतिकरण करतो, दोन वेगळे फोटॉन एकमेकांशी करत नाहीत. हॅनबरी ब्राउन यांनी नंतर मोकळेपणानं लिहिलं आहे की आपलं भौतिकशास्त्राचं शिक्षण पुंजसिद्धांताच्या बरंच अलीकडे थांबलं होतं, आणि हे बरंच झालं. नाहीतर इतरांसारखंच हे चालणार नाही असं ठरवून आपणही मोकळे झालो असतो.

दोघांनी आधी प्रयोगशाळेत करून पाहिलं. पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश बारीक छिद्रातून घेतला, अर्धपारदर्शक आरशानं त्याचे दोन भाग केले, आणि दोन प्रकाशगुणकांवर, म्हणजे फोटोमल्टिप्लायरांवर, टाकले. त्यांतला एक सरकता होता. दोघे समोरासमोर जुळले की सहसंबंध मिळे, एक बाजूला सरकवला की ओसरे. ७ जानेवारी १९५६ च्या 'नेचर'मधला निबंध तो हाच.

दरम्यान जॉड्रेल बँकच्या आवारात व्याधाची तयारी चालली होती. लष्कराकडून दोन सर्चलाइट आणले. विमानं शोधायला आकाशात झोत सोडणारे ते दीड मीटरहून थोडे रुंद आरसे आता उलट कामाला जुंपले गेले : आकाशातला प्रकाश गोळा करून प्रकाशगुणकावर टाकायचा. आरसे ओबडधोबड, त्यांत ताऱ्याचं नीट चित्र उमटणं शक्यच नव्हतं, आणि तशी गरजही नव्हती. मोठी कसोटी होती ती इंग्लंडच्या आकाशाची. तिथून व्याध क्षितिजाच्या वर वीस अंशांपर्यंतच चढतो, म्हणजे आपल्याकडे थंडीत तो डोक्याकडे येतो तसा तिथं कधीच येत नाही. नोव्हेंबर १९५५ ते मार्च १९५६ या पाच महिन्यांच्या ढग-धुक्यातून मिळून फक्त १८ तासांचं निरीक्षण पदरी पडलं. आरशांमधलं अंतर अडीच मीटरपासून नऊ मीटरपर्यंत चार टप्प्यांत वाढवत नेलं, आणि प्रत्येक टप्प्याला सहसंबंध उतरत गेला. त्या उतारावरून व्याधाचा व्यास निघाला, विकलेच्या सहा-सात हजारांश एवढा. व्याधासारख्या निळ्या-पांढऱ्या ताऱ्याचं असं मोजमाप तोवर कोणी केलं नव्हतं. चार टिंबं आणि एक उतरती रेघ, एवढीच ती आकृती. खगोलशास्त्रातल्या माझ्या सर्वांत आवडत्या आकृत्यांपैकी ती एक.

त्यावर वाद उसळला. बुडापेस्टमध्ये यानोशी आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्येच असा प्रयोग करून सहसंबंध नसल्याचं म्हटलं होतं. १९५६ मध्ये कॅनडाच्या ब्रॅनन आणि फर्ग्युसन यांनाही काही सापडलं नाही, आणि तो असल्यास पुंजयामिकीच्या मूळ कल्पनांचीच उलटतपासणी करावी लागेल असं त्यांनी लिहिलं. हे प्रयोग प्रामाणिक होते. चूक झाली ती हिशेबात : अपेक्षित परिणाम केवढा असेल आणि आपल्या दिव्यातून, आपल्या उपकरणांतून तो दिसायला किती वेळ लागेल, हे कोणी आधी मांडून पाहिलं नव्हतं. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी ते मांडून दाखवलं. कॅनडातल्या मांडणीला निर्णायक उत्तर मिळायला सुमारे हजार वर्षं लागली असती. बुडापेस्टच्या मांडणीला १०^११ वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाहूनही जास्त.

सैद्धांतिक बाजूनं पाठराखण केली ती हार्वर्डच्या एडवर्ड पर्सेल यांनी, डिसेंबर १९५६ च्या 'नेचर'मधल्या एका छोट्या टिपणात. फोटॉन हे बोसॉन आहेत. तप्त स्रोतातून येताना ते गटागटानं येण्याकडे झुकतात. म्हणून दोन शोधक एकाच क्षणी टिचकण्याची शक्यता निव्वळ योगायोगापेक्षा थोडी जास्त असते. यात पुंजयामिकी मोडत नाही, उलट तीच हे सांगते. लहरींच्या भाषेत गोंगाटाचा उसळा, कणांच्या भाषेत फोटॉनांचा घोळका. दोन्हींचं उत्तर एकच. वादाच्या धुरळ्यात इतकं थोडक्यात आणि इतकं नेमकं लिहिणं फार थोड्यांना जमतं. १९५७ मध्ये रेब्का आणि पाउंड यांनी फोटॉन एकेक मोजून हेच दाखवलं. तीन वर्षांनी गुरुत्वाकर्षणानं प्रकाशाच्या वारंवारितेत पडणारा फरक मोजणारे पाउंड आणि रेब्का ते हेच. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी १९५७-५८ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवाहीत एकाच शीर्षकाखाली चार निबंध लिहून सगळा हिशेब मांडला : सिद्धांत, प्रयोगशाळा, खगोलशास्त्रातला उपयोग, आणि शेवटी पुन्हा व्याध. क्वांटम ऑप्टिक्स आणि खगोलीय उपकरणशास्त्र एका जिल्दीत बांधलेले पाहायचे असतील तर ते चार निबंध पाहावेत.

तिथून दोन वाटा फुटल्या. १९६० मध्ये लेझर आला आणि प्रश्न उभा राहिला : लेझरच्या प्रकाशातही फोटॉन असेच घोळक्यानं येतील का? पर्सेल यांच्याच हार्वर्डमधल्या रॉय ग्लाउबर यांनी १९६३ मध्ये प्रकाशाच्या सुसंगतीचा पुंजसिद्धांत मांडला आणि उत्तर दिलं : नाही, आदर्श लेझरमध्ये घोळका नसतो, फोटॉन स्वैरपणे येतात. त्याच वर्षी रॉचेस्टरहून ई. सी. जी. सुदर्शन यांनी प्रकाशाच्या कुठल्याही अवस्थेला सुसंगत अवस्थांच्या भाषेत लिहिण्याची रीत दिली. ती आज दोघांच्याही नावानं ओळखली जाते. सुदर्शन मूळचे केरळचे, पण त्यांच्या संशोधनाची सुरुवात झाली मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. २००५ चं अर्धं नोबेल ग्लाउबर यांना मिळालं तेव्हा सुदर्शन यांनी नोबेल समितीला आपला आक्षेप लेखी कळवला. त्यांची नाराजी मला रास्त वाटते. ग्लाउबर यांनी मात्र नोबेल व्याख्यानात हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांच्या प्रयोगाचं ऋण आवर्जून सांगितलं. ऐकायला त्या दोघांपैकी कोणी उरलं नव्हतं. हॅनबरी ब्राउन २००२ मध्ये गेले होते, ट्विस २००५ च्याच मे महिन्यात.

१९७७ मध्ये किंबल, डाजने आणि मँडेल यांनी एकेकट्या अणूंच्या प्रकाशात घोळक्याच्या बरोबर उलटं दाखवलं : एक फोटॉन आला की लगेच दुसरा येत नाही. याचं लहरींच्या भाषेत कसलंच स्पष्टीकरण देता येत नाही. आज एखाद्या प्रयोगशाळेनं एकेरी फोटॉनाचा स्रोत बनवल्याचा दावा केला, की तो याच दोन शोधकांच्या मांडणीवर तपासला जातो. कणभौतिकीतही हीच युक्ती शिरली. १९६० मध्ये गोल्डहाबर दांपत्य, ली आणि पाइस यांनी प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टकरीतून निघणाऱ्या पायॉनांच्या जोड्यांमध्ये असाच सहसंबंध पाहिला. आज जड अणुकेंद्रकांच्या टकरीत पेटलेला गोळा केवढा होता हे त्यावरून काढतात. ताऱ्याचा व्यास मोजायची रीत अणुकेंद्रकाहून थोड्याच मोठ्या वस्तूला लागू पडते, हे मला आजही थक्क करतं.

आणि महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर ही वाट हिंगोलीपर्यंत येते. सुसंगत अवस्थांच्या सिद्धांतातूनच पुढे 'दाबलेल्या' प्रकाशाची कल्पना निघाली : फोटॉनांचा स्वाभाविक गोंगाट एका बाजूनं दाबायचा, दुसऱ्या बाजूनं वाढू द्यायचा. गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी याचा उपयोग होईल, असं कार्लटन केव्हज यांनी १९८१ मध्ये लिहिलं. अमेरिकेतल्या लायगो शोधकांत २०१९ पासून तो नियमित वापरात आहे. औंढा नागनाथजवळ उभारायच्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिथल्या चार किलोमीटर भुजांच्या शोधकाची जात मायकेलसन यांच्या व्यतिकरणमापकाची, आणि तो ज्या पुंजगोंगाटाशी झगडणार, तो समजावून घ्यायला जगाला भाग पाडलं व्याधाच्या त्या चार टिंबांनी.

दुसरी वाट ऑस्ट्रेलियात गेली. व्याध मोजून झाल्यावर खऱ्या यंत्राची गरज होती आणि इंग्लंडचं आकाश त्याला पुरणार नव्हतं. सिडनी विद्यापीठाच्या साथीनं न्यू साउथ वेल्समधल्या नॅराब्राय गावाजवळच्या सपाट माळावर १८८ मीटर व्यासाचा गोल रेल्वेमार्ग घातला गेला. त्यावर दोन गाड्या, प्रत्येक गाडीवर सुमारे साडेसहा मीटर रुंदीचा परावर्तक, आणि प्रत्येक परावर्तकात षट्कोनी काचेचे २५२ छोटे आरसे. वर्तुळाच्या मध्यावरच्या मनोऱ्यावरून टांगलेल्या केबली गाड्यांबरोबर फिरत. रेल्वे गोल का, याचं उत्तर मला फार देखणं वाटतं. तारा पूर्वेकडून पश्चिमेला सरकत जाई, तशा दोन्ही गाड्या रुळांवरून सरकत, आणि दोघींना जोडणारी रेघ सतत ताऱ्याच्या दिशेशी काटकोनात राही. त्यामुळे प्रकाश दोन्हीकडे एकाच वेळी पोचे आणि मार्ग जुळवायला वेगळं यंत्र लागत नसे. हवं ते अंतर, दहा मीटरपासून १८८ पर्यंत, नुसतं गाड्या मागेपुढे करून मिळे. भूमितीचं काम रूळच करत.

निळ्या प्रकाशाची अरुंद पट्टी गाळून घेतली जाई आणि दोन प्रकाशगुणकांचे प्रवाह सहसंबंधकात गुणले जात. मिळणारा संकेत गोंगाटापुढे इतका क्षीण असे, की मंद ताऱ्यासाठी रात्रीमागून रात्री बेरीज करत राहावं लागे. उपकरणाची मोठी मर्यादा हीच. हवेचा त्रास नाही, अचूकतेची अट सैल, पण त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. अडीच प्रतीपेक्षा मंद तारे आवाक्याबाहेर, आणि थंड, लाल ताऱ्यांकडून फोटॉनांचे पुरेसे घोळके येतच नाहीत. तरीही १९६५ ते १९७२ या काळात हॅनबरी ब्राउन, जॉन डेव्हिस आणि लुईस ॲलन यांनी ३२ तारे मोजले : व्याध, अगस्त्य, अभिजित, श्रवण, चित्रा, मघा, राजन्य, प्रश्वा, अग्रनद, मीनास्य... आपल्या नक्षत्रांच्या ओळखीतली किती नावं या यादीत आहेत! व्याधाचा व्यास आता ०.००५८९ विकला असा ठरला. यादीतला सर्वांत लहान तारा विकलेच्या अर्ध्या हजारांशाहूनही कमी.

एवढी खटपट करून मिळालं काय? ताऱ्याकडून पृथ्वीवर किती ऊर्जा येते ते मोजता येतं. त्यात ताऱ्याचा कोनीय व्यास घातला की पृष्ठभागाचं तापमान थेट निघतं, त्यासाठी ताऱ्याचं अंतरही लागत नाही. तप्त तारे बरीचशी ऊर्जा अतिनील किरणांत सोडतात आणि ते जमिनीवर पोचत नाहीत. ती नोंद ओएओ-२ या उपग्रहानं केली होती. दोन्हींची सांगड घालून १९७६ मध्ये कोड, डेव्हिस, ब्लेस आणि हॅनबरी ब्राउन यांनी तप्त ताऱ्यांच्या तापमानाची मोजपट्टी प्रसिद्ध केली. निळे तारे किती तप्त आहेत हे त्याआधी मुख्यतः गणिती प्रतिमानांवरून सांगितलं जाई. आता त्याला मोजमापाचा पाया मिळाला.

याहून मोठं यंत्र बांधायचा विचार होता, पण तो बारगळला. १९७४ मध्ये आन्त्वान लाबेरी यांनी फ्रान्समध्ये दोन सुट्या दुर्बिणींचा प्रकाश थेट एकत्र आणून अभिजितचे पट्टे दाखवले. फिझोची जुनी रीत नव्या तंत्रासह परतली. ती मंद ताऱ्यांवरही चालणार होती. सिडनीच्या चमूनंही मग तीच रीत निवडली आणि नॅराब्रायजवळच ६४० मीटरपर्यंत पल्ल्याचा नवा व्यतिकरणमापक उभारला. हॅनबरी ब्राउन १९८२ पासून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष होते, आणि १९८५ मध्ये संघाची महासभा दिल्लीला भरली तेव्हा अध्यक्षपदी तेच होते. निलगिरीत जन्मलेला तो मुलगा एकोणसत्तराव्या वर्षी जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना भारतात सामोरा गेला.

तीव्रता व्यतिकरणमापक संपला असं सगळ्यांनी धरलं. पण जाण्याआधी नॅराब्रायच्या त्या परावर्तकांनी आणखी एक काम केलं होतं. ऊर्जावान गॅमा किरण वातावरणावर आदळला की चेरेन्कोव्ह प्रकाशाचा अब्जांश सेकंदांचा निळा लखलखाट होतो. तो टिपायला मोठे पण ओबडधोबड आरसे आणि वेगवान शोधक लागतात, म्हणजे नेमकं जे तिथं होतं तेच. जोनाथन ग्रिंडले यांच्यासोबत हॅनबरी ब्राउन यांच्या चमूनं ते परावर्तक गॅमा किरणांकडे वळवले. यादीच्या शेवटी जे अचानक आल्यासारखं वाटतं, ते असं मुळाशी जोडलेलं आहे.

तीस वर्षांनी हा प्रवास उलटा झाला. दरम्यान चेरेन्कोव्ह दुर्बिणींचे जथे जगभर उभे राहिले. आपल्याकडेही भाभा अणुसंशोधन केंद्रानं लडाखमधल्या हानले इथं २१ मीटर आरशाची 'मेस' दुर्बीण बांधली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. ती एकटी आहे, म्हणून तीव्रता व्यतिकरणाच्या खेळात उतरत नाही. इथं किमान जोडी लागते. २००६ मध्ये लबोहेक आणि होल्डर यांनी लिहिलं की या जथ्यांत नॅराब्रायची सगळी सामग्री आधीच आहे. स्वीडनच्या लुंडमधले दाइनिस द्राविन्स आणि इटलीतल्या पादुआचे चेझारे बार्बिएरी यांनी त्याच सुमारास वेगळ्या बाजूनं सुरुवात केली होती : प्रत्येक फोटॉन कधी आला याची अब्जांश सेकंदाच्या अंशापर्यंत नोंद ठेवणारी उपकरणं. त्यांच्या चमूचं 'अक्वाय' आसियागोच्या दुर्बिणीवर बसलं, 'इक्वाय' चिलीतल्या ला सिया वेधशाळेत गेलं. या मंडळींच्या शोधनिबंधांत पुन्हा तीच सरमिसळ दिसते : एका ओळीत फोटॉनांची सांख्यिकी, दुसरीत खेकडा तेजोमेघातला स्पंदक, तिसरीत घड्याळांची जुळणी. सहसंबंध काढायला आता केबल ओढावी लागत नाही. दोन्ही ठिकाणच्या नोंदी साठवून नंतर संगणकावर जुळवतात. आसियागोच्या चमूनं सुमारे चार किलोमीटर अंतरावरच्या दोन दुर्बिणींनी अभिजितचे फोटॉन असेच मोजले.

ॲरिझोनातल्या व्हेरिटास या चार दुर्बिणींनी डिसेंबर २०१९ मध्ये दोन तारे मोजले, त्यांतला एक मृगाच्या पट्ट्यातला मधला, अनिरुद्ध. व्यास विकलेच्या हजारांशाहून कमी, चूक पाच टक्क्यांच्या आत. ला पाल्मावरच्या मॅजिक दुर्बिणींच्या जोडीनं नंतर २२ ताऱ्यांचे व्यास प्रसिद्ध केले, आणि नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी दक्षिणेच्या आकाशात सुरुवात केली. एक सोय अशी की हे काम चांदण्या रात्री चालतं. पौर्णिमेच्या आसपास आकाश उजळलं की चेरेन्कोव्ह लखलखाट दिसेनासा होतो आणि या दुर्बिणी एरवी रिकाम्या राहतात. तेव्हाच त्या तेजस्वी ताऱ्यांकडे वळवल्या जातात, आणि दोन आरशांवरच्या फोटॉनांचा मेळ पुन्हा ताडून पाहिला जातो.